जावाचा कोर्स झाला. आता बिघाड शोधायला शिका

निकाल लागले की नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर ‘फुल स्टॅक जावा’च्या चौकशीला पालकांची रीघ लागते. कोर्स केला की नोकरी लागेल का, हा त्यांचा जुना प्रश्न. आता त्यात नव्याची भर पडली आहे: कोड एआयच लिहू लागल्यावर आमच्या मुलांना काम काय उरणार? दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. चालू असलेली यंत्रणा अडली की ती नेमकी कुठे अडली हे शोधता येणाऱ्याला काम मिळतं. ही हातोटी शिकता येते आणि घरबसल्या शिकता येते.

एक बिघाड जवळून पाहू

द्राक्ष निर्यातीसाठी बागांची नोंदणी करावी लागते. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन व्यवस्था २००६ पासून आहे. दिंडोरी-निफाडकडे एकेका बागायतदाराचे अनेक प्लॉट असतात. तेव्हा सरावासाठी प्लॉट नोंदणीचाच एक फॉर्म जावा सर्व्हर फेसेसमध्ये, म्हणजे आजच्या जकार्ता फेसेसमध्ये, तयार करा. वेब पानं बनवण्याचं हे जावातलं तंत्र. ‘प्लॉट जोडा’ दाबलं की नवी ओळ यावी आणि तिच्यात गट नंबर, क्षेत्र, वाण आणि ‘काढा’ हे बटण असावं.

ओळ येते. पण तिच्यातलं ‘काढा’ दाबलं तर काहीच घडत नाही आणि एररही दिसत नाही. इथे बहुतेक मुलं कोड पुसून पुन्हा लिहितात किंवा कुठून तरी दुसरा आणून चिकटवतात. असं करू नका. क्रमाने जा.

१. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा. बटण दाबल्यावर सर्व्हरकडे विनंती गेली का? गेली असेल, तर पुढचा शोध सर्व्हरवर.

२. ‘काढा’च्या मेथडवर ब्रेकपॉइंट लावा. प्रोग्राम तिथे थांबलाच नाही, म्हणजे मेथड बोलावलीच गेली नाही.

३. आता कारण शोधा. प्रत्येक विनंतीला फेसेस पानावरच्या घटकांचं झाड नव्याने उभं करतं, आलेली माहिती त्या त्या घटकाकडे पोचवतं, ती तपासतं आणि शेवटी पान रेखाटतं. असे एकूण ६ टप्पे असतात. तुमची प्लॉटची यादी एका विनंतीपुरत्या जगणाऱ्या बीनमध्ये असेल, तर पुढच्या विनंतीला ती रिकामीच असते. नवी ओळ झाडात नसते आणि तिच्या बटणाचा क्लिक कोणाकडेच पोचत नाही.

४. बीनला व्ह्यू स्कोप द्या. पान उघडं असेपर्यंत यादी टिकते आणि बटण चालू लागतं.

याच कुळातले आणखी दोन बिघाड मुद्दाम घडवून पाहा. दोन घटकांना एकच आयडी द्या. तो आयडी आधीच वापरलेला असल्याची तक्रार सर्व्हर करतो. मग अजॅक्सला पानाचा कोणता भाग पुन्हा रेखाटायचा हे सांगू नका. ओळ सर्व्हरवरच्या यादीत येते, पडद्यावर मात्र येत नाही. हे हाताळलं की एक धडा पक्का होतो: घटक स्वतः झाडाला जोडत बसण्यापेक्षा माहितीची यादी नीट सांभाळावी आणि तक्ता तिच्यावरून निघू द्यावा.

फेसेससारखं जुनं तंत्र कशाला शिकायचं?

रास्त शंका आहे. नव्या प्रकल्पांत स्प्रिंग बूट आणि रिअ‍ॅक्टची जोडी जास्त दिसते. पण रिअ‍ॅक्टमध्येही नव्या ओळींना वेगळी ‘की’ दिली नाही, तर एका ओळीत भरलेली माहिती दुसरीत दिसू शकते. तंत्र बदललं तरी शोधाची पद्धत तीच राहते. शिवाय जावा १९९५ पासून वापरात असल्याने जुन्या यंत्रणा भरपूर आहेत. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आली आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजची नावं ‘जकार्ता’ झाली. अशा यंत्रणा नव्या आवृत्तीवर नेणं हे धीराचं आणि बारकाईचं काम आहे.

नाशिकमधून वाटा कोणत्या?

दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून ३ वर्षांचा डिप्लोमा आणि पुढे थेट इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. बारावीनंतर सीईटी देऊन क. का. वाघसारख्या महाविद्यालयात इंजिनीअरिंगची पदवी; किंवा बीसीए अथवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून एमसीए. बीसीएसाठीही २०२४ पासून सीईटी आहे, ती तारीख चुकवू नका. नोकरीसाठी पुण्याकडे पाहा, पण सातपूरची ईएसडीएस, विंजिट अशा नाशिकच्या कंपन्याही नजरेआड करू नका.

पालकांना विनंती

महागडी फी भरण्याआधी क्लासचा एक तास बसून पाहा. सर चालू कोड फळ्यावर उतरवून देतात, की बिघडलेला कोड मुलांपुढे ठेवून वाट पाहतात? दुसऱ्या प्रकारचा क्लास निवडा. सरावाला लागणारी एक्लिप्स, गिट, ब्राउझर ही साधनं फुकट मिळतात.

मुलांनो, एक वही करा. प्रत्येक बिघाडाच्या ४ ओळी लिहा: काय दिसलं, काय तपासलं, कारण काय निघालं, उपाय काय केला. एआयकडून उपाय घेतलात तरी तिसरी ओळ स्वतः पडताळून लिहा. मुलाखतीत तुमच्या प्रोजेक्टमधली सर्वांत अवघड अडचण विचारतील, तेव्हा याच ओळी सांगा. पाठ केलेली उत्तरं दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडतात. स्वतः शोधलेल्या बिघाडाबद्दल कितीही खोदून विचारलं तरी तुम्हाला बोलता येतं.