शंभर टक्के निकाल आणि सतरा नंबरचा फॉर्म

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलै संपत आला होता. मासेमारीची बंदी उठायला चार दिवस राहिलेले आणि मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींची डागडुजी जोरात चालू. माझा गावाकडचा एक मित्र तिथे एका बोटीवर कामाला आहे. रविवार होता, मेसला सुट्टी होती, म्हणून सहज त्याला भेटायला गेलो. बोटीचे इंजिन चालू होत नव्हते. तांडेलने माझ्याकडे पाहून विचारले, "हा तुझा मित्र मेकॅनिकलला ना? बघू दे की त्याला!"

मला घाम फुटला. डिझेल सायकलची पी-व्ही आकृती मी डोळे मिटून काढू शकतो. पण समोरच्या त्या काळ्या तेलकट लोखंडात सुरुवात कुठून करायची, तेच कळेना. मित्र हसला. "एअर लागलीय रे. काल फिल्टर बदलला ना." त्याने फिल्टरवरचा एक स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागला. आधी फेसाळ डिझेल आले, मग बुडबुडे थांबले. स्क्रू आवळला, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन धडधडले.

मी विचारले, "हवेने एवढे काय अडते?" तो म्हणाला, "हवा दबते, डिझेल दबत नाही. पंपाने दाब दिला की हवाच दबून बसते. इंजेक्टर उघडायला जोर पोचतच नाही."

हेच उत्तर तोंडी परीक्षेत दिले असते तर बाहेरून आलेल्या सरांनी पूर्ण मार्क दिले असते. पण माझा हा मित्र दहावी नापास आहे. गणितात.

तो नापास कसा झाला तेही सांगतो. आम्ही एकाच शाळेत, एकाच बाकावर. नववीच्या शेवटी त्याच्या वडिलांना बोलावून सांगण्यात आले, "याला शाळेतून बसवू नका. सतरा नंबरचा फॉर्म भरा." सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज. तो विद्यार्थी नापास झाला तर शाळेच्या निकालात धरला जात नाही. त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले गेले. मीही खाल्ले.

निकाल नेमके काय मोजतो?

हा प्रश्न आपण रत्नागिरीकरांनी विचारायलाच हवा. २०१२ मध्ये रत्नागिरीला कोकण विभागीय मंडळ सुरू झाले आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण सातत्याने राज्यात अव्वल आहे. मार्च २०२५ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोकणचा ९८.८२ टक्के. ही अभिमानाची गोष्ट आहेच. त्यामागे शिक्षकांचे कष्ट आहेत, पालकांची धडपड आहे. पण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपल्यापैकी कितीजणांनी पहिल्यांदा कानस हातात धरली, ते आठवा. वसतिगृहातली ट्यूबलाइट बंद पडली की आपण सगळे इंजिनिअर वायरमन काकांचीच वाट बघतो!

म्हणजे परीक्षा खोटी आहे असे नाही. ती जे मोजते ते बरोबर मोजते. पण ती मोजते फार थोडे. पट्टीने लांबी मोजता येते, तापमान नाही. यात पट्टीचा दोष नाही. दोष आहे तो फक्त पट्टीच घेऊन बसणाऱ्याचा.

पाबळचा प्रयोग

याला पर्याय काय, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात चाळीस वर्षांहून अधिक काळ उभे आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे दुष्काळी गाव आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले मोठे पद मिळवलेला हा शास्त्रज्ञ. ते सोडून खेड्यात राहायला गेले. त्यांचे म्हणणे साधे होते. लहान मूल घरात जसे शिकते, म्हणजे हाताळून, चुकून, विचारून, तसेच शाळेतही शिकायला हवे.

त्यांनी वेगळी 'आदर्श शाळा' काढून ठराविक मुले गोळा केली नाहीत. गावातल्या नेहमीच्या हायस्कुलातच आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आणला. पुढे राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस कामाचा. त्यात चार विभाग:

१. अभियांत्रिकी : वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, फेरोसिमेंट
२. ऊर्जा आणि पर्यावरण : वायरिंग, मोटर-पंप, जमिनीची मोजणी, बायोगॅस
३. गृह आणि आरोग्य : अन्नप्रक्रिया, शिवण, रक्तगट तपासणी
४. शेती आणि पशुपालन

यात दोन गोष्टी विशेष. एक, शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर. डिग्री नाही, पण काम येते. दुसरी, मुले करतात ते काम खरे असते. कुणाला तरी हवे असते, आणि त्याचे पैसे मिळतात. त्यामुळे वस्तूची किंमत काढणे हाही अभ्यासच होतो.

याशिवाय शाळा सोडलेल्या, नापास झालेल्या मुलांसाठी आश्रमात राहून शिकण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. याच ठिकाणी जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार झाला आणि घुमटाकार 'पाबळ डोम' बांधले गेले. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅबही सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक! डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, पण काम थांबले नाही.

एका स्टुलाचा धडा

'हाताने काम केल्याने डोके कसे चालते?' अशी शंका येईल. एक उदाहरण घेऊ. आठवीच्या मुलांना लोखंडी स्टूल बनवायचे आहे. उंची ४५० मि.मी., चौकट ३०० मि.मी.ची. चार पायांना १.८ मीटर अँगल लागेल. वरच्या आणि खालच्या चौकटीचे आठ तुकडे धरले तर २.४ मीटर. एकूण ४.२ मीटर. २५ × २५ × ३ मि.मी.चा अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो. म्हणजे सुमारे ४.६ किलो लोखंड. आजचा भाव विचारा, गुणाकार करा, कटिंगची नासाडी आणि वेल्डिंग रॉड मिळवा. झाले एस्टिमेट!

आता चौकट काटकोनात आहे का ते कसे बघाल? दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४२४ मि.मी. आले तर चौकट बरोबर. हा पायथागोरसचा सिद्धांत. माझा मित्र ज्या पेपरात गेला त्याच पेपरातला. फळ्यावर तो 'सिद्ध करा' म्हणून येतो. इथे तो चुकला तर स्टूल डुगडुगते, आणि का डुगडुगते हे मूल स्वतःहून विचारते.

आपल्या भाषेत सांगायचे तर परीक्षा ही ओपन लूप सिस्टिम आहे. मार्चमध्ये पेपर, निकाल मेमध्ये किंवा जूनमध्ये. कुठे चुकलो हे कधीच कळत नाही, फक्त किती चुकलो ते कळते. डुगडुगणारे स्टूल मात्र तिथल्या तिथे फीडबॅक देते. क्लोज्ड लूप! आणि फीडबॅक जितका लवकर, तितकी चूक लवकर सुधारते.

मग हे सगळीकडे का झाले नाही?

विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचे ज्ञान असावे असे मांडले होते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे, असे म्हटले आहे.

पण अडचणी खऱ्या आहेत. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, साधने नाहीत. सर्वात मोठी अडचण आपल्या मनातली. 'हाताचे काम' म्हणजे हुशार नसलेल्यांचे काम! गरिबाच्या मुलाला पाना आणि साहेबाच्या मुलाला पुस्तक अशी वाटणी होणार असेल, तर असली सुधारणा नकोच. ती जुनीच उतरंड नव्या नावाने होईल. पाबळच्या पद्धतीचे मोल यातच आहे, की तिथे वर्गातली सगळी मुले काम करतात आणि सगळीच दहावीची परीक्षाही देतात. पाना आणि पुस्तक एकाच हातात.

आपण काय करू शकतो?

सरकार करेल तेव्हा करेल. आपल्याकडे सुसज्ज वर्कशॉप आहे आणि महिन्यातून एखादा शनिवार देता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेतून जवळच्या एका शाळेची आठवी घेऊ. सुरुवात पावसापासून करू. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. शाळेचे छप्पर १०० चौ. मी. धरले तर त्यावर तीन लाख लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले तरी दोन लाख चाळीस हजार लिटर उरते. आणि तरी मे महिन्यात कोकणात टँकर! का? हा हिशेब मुलांनी स्वतः पर्जन्यमापक बनवून, स्वतःचे छप्पर मोजून करावा. शिकवायला आपण असूच, पण जांभ्याचे चिरे बसवणारा गवंडी आणि बोटीचा मेकॅनिक यांनाही 'सर' म्हणून बोलवू.

वर्षाच्या शेवटी मार्क द्यायचेच असतील तर मुलाची वही बघू. अंदाज किती होता, प्रत्यक्ष किती आले, कुठे चुकले, दुसऱ्यांदा काय बदलले. मूल शिकले की नाही हे चार ओळींत कळेल.

असो. माझ्या मित्राने या वर्षी पुन्हा गणिताचा फॉर्म भरला आहे. बोट बंदराला लागली की रविवारी आम्ही बसतो. मी त्याला त्रिकोणमिती सांगतो, तो मला इंजिन. परवा कर्णाचे गणित आले तेव्हा म्हणाला, "अरे, हे तर बोटीच्या चौकटीला आम्ही नेहमीच करतो. शाळेत कुणी सांगितलेच नाही, की हे तेच आहे!"

शाळेत हे मला तरी कुठे कुणी सांगितले होते? फरक इतकाच, की मी पास झालो.