दुचाकीस्वार व्यापाऱ्यांनी संरक्षक साधने कशी पारखावीत?

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथून आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या बाजूंना धंद्यानिमित्त दुचाकीवर जाणाऱ्या बांधवांची संख्या मोठी आहे. मागे मालाचे गाठोडे, बाजूने भरधाव ट्रक. आपण माल पारखून घेतो, मग अंगावरची साधने न पारखता का घ्यावीत?

हेल्मेट : १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्हाविना हेल्मेट बनविणे व विकणे कायद्याने बंद आहे. चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' आणि खाली 'सीएम/एल' हा परवाना क्रमांक असतो. नुसत्या स्टिकरवर विसंबू नये. क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. दुकानदारांनीही जपावे. बनावट मालाचा नफा थोडा, पण २०१६ च्या कायद्यान्वये पहिल्याच गुन्ह्याला किमान २ लाख रुपये दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माप : भुवयांच्या किंचित वर फीत धरून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट गालांना घट्ट बसावे. पट्टा लावून मागून वर ओढले तर निघता कामा नये. उन्हाळ्यात डोक्याला जाड दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट घातल्यास ते सैल बसते. पातळ सुती टोपी चालेल. आतला थर्माकोल स्वतः दबून धक्का शोषतो व पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. जुने, वापरलेले विकत घेऊ नये.

हातमोजे : पडताना माणूस प्रथम हात टेकतो. शिंपी, वेल्डर, मेकॅनिक यांचे तर हात हेच भांडवल. तळव्याला जाड चामडे आणि मनगटाला पट्टा असलेले मोजे घ्यावेत.

कपडे व पादत्राणे : नायलॉन-पॉलिस्टरचे पातळ कापड घर्षणाने वितळून कातडीला चिकटते. जाड डेनिम त्यापेक्षा बरे. कोपर-खांद्याला गादी असलेले जाळीदार जाकीट विदर्भाच्या उन्हातही सोसते. गादीवर 'ईएन १६२१' ही खूण पाहावी. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट घालावेत. मागे बसणाऱ्या भगिनींनी ओढणी व बुरख्याचे टोक चाकापासून सावरून बसावे. हेल्मेट त्यांनाही हवेच.

सर्व साधने एकदम घेणे परवडत नसेल तर आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग बूट आणि शेवटी जाकीट, या क्रमाने घ्यावीत. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की दुकानही बंद पडते, हा हिशेब खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावा.