पाय बघ, हात नव्हे

गोलंदाजी शिकविताना बहुधा एक नमुना डोळ्यांपुढे ठेवला जातो. मात्र तो सर्वांच्या अंगाला बसतो का? हा प्रश्न मला पडला तो पाठ दुखू लागल्यावर.

निपाणीत शाळेत असताना मी मध्यमगती गोलंदाजी करीत असे. सुट्टीतील एका शिबिरात मला बजावण्यात आले, ‘अंग आडवे कर, डावा खांदा फलंदाजाकडे हवा.’ मी खांदा वळविला. पाऊल मात्र पूर्वीसारखेच पडत राहिले. तीन महिन्यांत कमरेत कळ येऊ लागली आणि पुढचा हंगाम मी धावफलक लिहिण्यात घालविला. खोट माझ्याच अंगात आहे, असे मी धरून चाललो होतो.

वास्तविक गोलंदाजीच्या मुख्य रीती दोन. पहिलीत मागचे पाऊल क्रीझला समांतर पडते आणि अंग आडवे राहते. दुसरीत पाऊल फलंदाजाकडे रोखलेले असते व छाती समोर येते. दोन्ही रीती योग्यच. घोटाळा होतो तो मिश्रणात, म्हणजे कंबर समोर आणि खांदे आडवे. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार पायातून वर चढतो. त्याच वेळी कणा पिळलेला असला, तर वारंवारच्या ताणाने खालच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. मणक्याच्या अशाच दुखापतीने १९७३ साली ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली खेळाबाहेर गेला. आपली शैली सुधारून तो १९७४ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्ध पुन्हा उभा राहिला.

आपल्याच राज्यातील भागवत चंद्रशेखर यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. बालपणी पोलिओने त्यांचा उजवा हात बारीक झाला. क्षेत्ररक्षण करताना ते चेंडू डाव्या हाताने फेकीत. गोलंदाजी मात्र त्याच अशक्त उजव्या हाताने करीत. लेगस्पिनरच्या मानाने त्यांचा चेंडू फार वेगाने येई. १९७१ साली ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिली मालिका जिंकली. ५८ कसोटींत त्यांचे २४२ बळी आहेत. नमुन्यावर बोट ठेवून त्यांना कोणी मैदानाबाहेर काढले असते, तर?

गोल्फमध्येही असेच दिसते. अमेरिकेच्या जिम फ्युरिकची काठी वर जाताना एका मार्गाने जाई आणि खाली येताना वळसा घेई. चारचौघांत हसू यावे असा तो फटका. पण २००३ ची यू. एस. ओपन त्याने त्याच फटक्याने जिंकली.

याचा अर्थ मनाला येईल तसे चेंडू टाकावे असा नव्हे. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये, हा नियम सर्वांना सारखाच आहे. शिवाय स्वतःची शैली म्हणजे दुखापतीपासून अभय नव्हे. जसप्रीत बुमराह याच्या पाठीवर २०२३ साली शस्त्रक्रिया करावी लागलीच. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर वेग ही जमा आणि शरीरावरील ताण हा खर्च. ज्याचे खाते त्याने तपासावे.

ते कसे तपासावे? दोन सोपे प्रयोग सांगतो. पहिला: क्रीझपासून उलट दिशेने पळत जावे आणि पाय जुळतील तिथे चेंडू टाकावा. मित्राने त्या जागी खूण करावी. असे पाच-सहा वेळा करून खुणांचा मध्य काढला की आपल्या धावेची लांबी मिळते. दुसरा: मित्राला मागे उभे करून मागचे पाऊल कुठे रोखते ते पाहायला सांगावे. पाऊल जिकडे, तिकडेच कंबर व खांदे असावेत.

बेळगावला कॉलेजात आल्यावर माझ्यासाठी हे काम एका कन्नड मित्राने केले. चार चेंडूंनंतर तो म्हणाला, ‘कालु नोडु, कै अल्ल.’ पाय बघ, हात नव्हे! माझे पाऊल सरळ फलंदाजाकडे पडत होते. मी खांदा मोकळा सोडला. पुढे पाठीची कळ हळूहळू थांबली.

आमच्या गल्लीत बायका विड्या वळायला बसतात. कोणी सूप मांडीवर घेते, कोणी जमिनीवर. कोणाची बोटे लांब, कोणाची आखूड. तरी कट्टा बांधताना विडी मापाला उतरतेच. माप एक असावे, हात मात्र ज्याचा त्याचा. शिकविणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तर धावफलक लिहीत बसणारी काही मुले पुन्हा मैदानात दिसतील.