भीती पेपरला नाही, अभ्यासाला धरते

'घरी सगळं येत होतं, पेपर हातात पडला आणि डोकं एकदम रिकामं झालं.' दहावी-बारावीच्या निकालानंतर हे वाक्य इतक्या घरांतून ऐकू येतं की त्यावर कुणी शंका घेत नाही. मग परीक्षेच्या भीतीवरचे आपले सगळे उपायही त्या तीन तासांभोवतीच गोळा होतात. निघताना हातावर दही-साखर, केंद्राच्या फाटकाशी 'अजिबात टेन्शन घेऊ नकोस', आत गेल्यावर दीर्घ श्वास. यातलं काहीच वाईट नाही, दही-साखर तर नाहीच नाही. पण भीतीचं नुकसान त्या तीन तासांत होतं, हे गृहीतकच तपासून पाहायला हवं. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते आधीच, दिवाळी ते प्रिलिमच्या दरम्यान, कुणाच्या लक्षात न येता होऊन गेलेलं असतं.

परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात, हे लीबर्ट आणि मॉरिस या संशोधकांनी १९६७ मध्ये मांडलं. एक शरीराची खळबळ: छातीत धडधड, घामेजलेले तळवे, पोटात गोळा. दुसरा भाग काळजीचा, म्हणजे 'मला जमणार नाही, सगळे काय म्हणतील' हे मनातलं दळण. मार्कांशी जास्त घट्ट संबंध दिसतो तो या दळणाचा. धडधडीचा तितका नाही. काळजी डोक्यातली कामाची जागा अडवते, म्हणून पेपरात आठवत नाही, असा त्याचा सरळ अर्थ बरीच वर्षं लावला गेला. पण २०२२ साली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या सुमारे ३०० वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंतिम परीक्षेआधीच्या सरावात कुणाला किती येतं हे त्यांनी आधी मोजलं होतं. ते लक्षात घेतल्यावर, परीक्षेच्या दिवशी कोण किती घाबरलं यावरून निकालातला फरक सांगता येईना. फरक पडला होता तो तयारीच्या काळात: जे मुळात परीक्षेला जास्त घाबरणारे होते, त्यांच्या ज्ञानात त्या काळात भर कमी पडली. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, आणि ती मुलं आपल्या दहावीच्या मुलांहून मोठी होती. तरी पालकांनी कुठे पाहावं, याची दिशा त्यातून मिळते.

घाबरलेलं मूल अभ्यास करत नाही, असं नाही. ते तासन्‌तास करतं, पण भीती वाटणार नाही असा अभ्यास निवडतं. विज्ञान भाग १ मधला गुरुत्वाकर्षणाचा धडा चौथ्यांदा वाचतं, केप्लरच्या नियमांखाली आता तिसऱ्या रंगाची रेघ येते, आणि मुक्तिवेगाचं उदाहरण आलं की नजर आधी उत्तराकडे जाऊन मान डोलते: 'हां, येतंय.' येत नसतं. ओळखीचं वाटत असतं. ओळखणं आणि आठवणं यांतलं अंतर रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये मोजून दाखवलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री जास्त होती ती वाचणाऱ्यांनाच. 'सगळं येत होतं' या वाक्याचा उलगडा बराचसा इथे होतो. मूल खोटं बोलत नसतं. पुस्तक मिटून त्याने स्वतःला कधी विचारलेलंच नसतं, कारण तसं विचारण्याचीच तर भीती असते.

म्हणून भीतीवरचा उपाय परीक्षा टाळण्यात नाही, ती लहान आणि रोजची करण्यात आहे. पुस्तक मिटायचं, पाठकोरा कागद घ्यायचा, दहा मिनिटं लावायची आणि त्या दिवशीच्या धड्यातलं आठवेल ते लिहायचं: तीन नियम, एक आकृती, एक उदाहरण. मग पुस्तक उघडून चुका मुलाने स्वतःच दुरुस्त करायच्या. कागदावर मार्क नाहीत, आईची सही नाही, बाबांची नजरही नाही. पहिले आठ-दहा दिवस कागद अर्धा रिकामा राहील आणि मूल चिडेल. तेव्हा 'बघ, काहीच येत नाही' हे शब्द ओठांवर आले तरी गिळावेत, नाहीतर उपाय तिथेच संपला. प्रिलिमच्या सुमारास दहा मिनिटांची जागा पूर्ण पेपरने घ्यावी, तोही बोर्डाच्या वेळेला. पूर्वी १०.५० ला प्रश्नपत्रिका हातात येई आणि ती दहा मिनिटं मन स्थिर करायला मिळत. २०२३ पासून ती शेवटी मिळतात; तीन तासांचा पेपर ११ ला सुरू होऊन २.१० ला संपतो. थोरल्या भावंडांनी दिलेला 'आधी दहा मिनिटं शांतपणे वाच' हा सल्ला त्यामुळे जुना झाला आहे. आता वाचन आणि लेखन एकाच घड्याळात बसवायची सवय लागते. न बघता आठवून लिहिण्याच्या सवयीचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांवर मुद्दाम ताण आणला, तेव्हा नुसतं वाचलेल्यांची आठवण घसरली, आठवून सराव केलेल्यांची टिकली.

यावर पालक म्हणतील, क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट असतेच, मग भीती का जात नाही? कारण त्या टेस्टनंतर रँक लागतो, तो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, आणि रात्री जेवताना शेजारच्या मुलाचे मार्क पानात वाढले जातात. त्यात मूल विषय शिकत नाही, स्वतःची किंमत शिकतं. टेस्ट वाईट नाही, तिच्यामागून येणारा गाजावाजा वाईट. तो क्लासला थांबवता येत नसेल, घरी थांबवता येतो.

दुसरा आक्षेप जुना आहे: थोडी भीती हवीच, त्याशिवाय पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत. याला १९०८ चा येर्क्स आणि डॉडसन यांचा प्रयोग आधार म्हणून सांगतात. तो उंदरांवर झाला होता, विजेचे झटके देऊन, आणि उंदरांना अकरावीचा प्रवेश घ्यायचा नव्हता. पण तोच पुरावा मानायचा तर पूर्ण मानावा: सोप्या कामात जोराच्या झटक्याने उंदीर लवकर शिकले, काम अवघड झालं तसा सौम्य झटकाच उपयोगी ठरला. भूमितीचा रायडर हे कुठलं काम, ते प्रत्येकाने ठरवावं.

तिसरा आक्षेप जड आहे, आणि तो खरा आहे. नीट वर्षातून एकदाच होते, चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो, आणि 'मार्कांना काय महत्त्व' असं त्या मुलाला सांगणं ही थाप आहे. मुलांना ती कळते, आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. थापेऐवजी पर्याय द्यावा, तोही कागदावर. एमएचटी-सीईटीचा फॉर्म वेळेत भरलेला असावा. तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, हेही मुलाला माहीत असावं. दहावीत राज्य मंडळ सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी काढतं, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. ही माहिती निकालाच्या दिवशी नव्हे, ऑगस्टमध्ये, चहा पिता पिता सांगावी. 'नापास झालो तर' या वाक्याचा पुढचा अर्धा भाग बहुतेक घरांत कुणी उच्चारत नाही, आणि तो रिकामा भाग मूल रात्री एकटं भरत बसतं.

या सगळ्याची एक मर्यादा आहे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जेवण सुटलं, मूल कुणाशी बोलेनासं झालं किंवा जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलू लागलं, तर तिथे कोरे कागद आणि वेळापत्रकं बाजूला ठेवावीत. डॉक्टरांकडे न्यावं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि हे वाचेपर्यंत फेब्रुवारी उजाडला असेल, तर? मग नव्याने फार काही होणार नाही, हे आधी घरातल्यांनी पचवावं. आदल्या दिवशी केंद्र पाहून यावं, हॉल तिकीट आणि दोन चालती पेनं दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावीत. संध्याकाळी मुलाने, येतो अशी खात्री असलेल्या धड्याचा एक दहा मिनिटांचा कागद लिहावा आणि पुस्तक मिटावं. पेपर सुटल्यावर मूल बाहेर येईल तेव्हा अडीच वाजायला आलेले असतील आणि ते उपाशी असेल. प्रश्नपत्रिका त्याच्याकडेच राहू द्यावी आणि डबा उघडावा.