मांद्रेच्या साइटविषयी सायलीला

प्रिय सायली,



तू केलेली गोव्यातल्या मांद्रेच्या गेस्ट हाउसची साइट पाहिली. देखणी झाली आहे. फोटो जड नाहीत, मोबाइलवर पान पटकन उघडतं आणि जर्मन मजकूर जाणकाराकडून तपासून घेतलास हे फार चांगलं केलंस. आता तुझा प्रश्न. मालक म्हणतात, कुकीचा बॅनर लावा, पण ‘नाही’चं बटण फार डोळ्यांत भरू देऊ नका, आणि तू विचारतेस, कायद्यात हे बसेल का. बसणार नाही. पण त्याआधी दुसरं सांगते. बॅनर ही या कामाची शेवटची पायरी आहे आणि तू तिथून सुरुवात केली आहेस.

आधी ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघड, एफ १२ दाबून नेटवर्कचा टॅब समोर ठेव, साइटवर जा आणि कशालाही हात लावू नकोस. नुसतं बघ, कुठल्या कुठल्या सर्व्हरला विनंत्या जातात. मग अ‍ॅप्लिकेशनच्या टॅबमध्ये कोणत्या कुकी बसल्या ते बघ. मी पाहिलं तेव्हा चाचणीसाठी लावलेला बॅनर स्क्रीनवर होता, मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, आणि तोवर गूगल अ‍ॅनालिटिक्सची कुकी बसलीही होती. जाहिरातीसाठी माग ठेवणाऱ्या फेसबुकच्या पिक्सेलचीही बसली होती. नकाशा आणि यूट्यूबचा व्हिडिओ गूगलकडून आले होते, फॉन्टसुद्धा तिथूनच येत होते. हे आधी ताटात वाढून मग ‘वाढू का?’ विचारण्यासारखं आहे. बॅनर कितीही सुंदर केलास तरी पाहुण्याच्या उत्तराला इथे काही किंमत उरत नाही, आणि माझा सगळा जीव त्या उत्तरात आहे.

गोव्यातल्या साइटला युरोपचा कायदा कसा लागू होईल, असं मालक विचारतील. नुसती साइट युरोपात उघडते म्हणून लागू होत नाही. पण आपण दर युरोत दिले आहेत, जर्मनमध्ये वेगळं पान केलं आहे, तिथल्या लोकांना बोलावतो आहोत. असं हेतुपूर्वक बोलावणं असेल तर २५ मे २०१८ पासून अमलात असलेला जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा गोव्यात बसलेल्यालाही लागू होतो. कुकीचा नियम तर त्याहून जुना. २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाचकाच्या उपकरणावर काही ठेवण्याआधी किंवा तिथलं काही वाचण्याआधी संमती घेणं बंधनकारक ठरलं. सूट आहे ती वाचकाने मागितलेली सेवा देण्यासाठी जे लागतंच त्याला: लॉगिन, बुकिंगची टोपली, वाचकाने ‘नाही’ म्हटलं हे लक्षात ठेवणारी कुकी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी तयार केली तीही अशाच खरेदीच्या टोपलीसाठी. जाहिरातदारांनी ती माणसाच्या मागे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फिरवली ते नंतर.

‘नाही’च्या बटणाचं उत्तर फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने दिलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर झाला. कारण एवढंच की होकार एका क्लिकवर होता आणि नकाराला अनेक क्लिक लागत होते. त्याआधी १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, आणि कुकी किती काळ राहणार, ती आणखी कोणाला वाचता येणार हेही वाचकाला सांगायला हवं. म्हणून दोन बटणं, एकाच आकाराची, एकाच रंगाची, शेजारी शेजारी. हे आकडे मालकांच्या पुढे भीती म्हणून मात्र ठेवू नकोस. सीएनआयएलची माणसं मांद्रेला येणार नाहीत, हे मालकांना कळतं, आणि भीती ओसरली की बटण पुन्हा फिकट होईल. मला त्यांना पटवायचं आहे ते दुसरंच: सुट्टीला येऊ पाहणाऱ्या माणसाने खोली घेण्याआधीच कोणाच्या नजरेखाली यायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.

आता काम. माझा आग्रह आहे की जे विचारावं लागतं ते आधी कमी कर. फॉन्टची फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेव. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणल्याने वाचकाचा आयपी पत्ता त्याला न विचारता तिकडे गेला म्हणून, त्या वाचकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्यानंतर जर्मनीत आणि ऑस्ट्रियात साइटमालकांकडे पैसे मागणारी पत्रं घाऊक निघाली. नकाशाच्या जागी तूच काढलेलं एक साधं रेखाटन आणि ‘नकाशात उघडा’ असा दुवा पुरे. व्हिडिओच्या जागी स्थिर चित्र ठेव. दाबल्यावरच खरा व्हिडिओ येऊ दे, आणि दाबण्याआधी तो यूट्यूबवरून येईल हे तिथेच लिही.

पिक्सेलविषयी मालकांशी बोलावं लागेल. फेसबुकवर ते जाहिरात करतात का? करत नसतील तर पिक्सेल कशासाठी आहे? थीमसोबत आलेला असेल तर काढून टाक. अ‍ॅनालिटिक्सबद्दलही हेच विचार: गेल्या हंगामात त्या आकड्यांवरून कोणता निर्णय घेतला? त्यांच्या चौकशा येतात ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या मोजायला कुकी लागत नाही. तरी हवंच म्हणाले तर ठेव, पण संमतीनंतर. नकार देणारे मोजले जाणार नाहीत, आकडा खाली येईल, आणि तो तसा येणं योग्यच आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेव. गूगलच्या कन्सेंट मोडचे दोन प्रकार आहेत. प्रगत प्रकारात नकारानंतरही कुकीविना संकेत गूगलकडे जातात, मूळ प्रकारात होकाराशिवाय टॅग चालतच नाही. तू मूळ प्रकार घे.

बॅनरच्या प्लगइनवर डोळे मिटून विसंबू नकोस. ते ओळखीच्या स्क्रिप्ट अडवतं. थीमच्या फाइलमध्ये कोणी हाताने चिकटवलेली स्क्रिप्ट त्याच्या हातून निसटू शकते. आणखी एक खोच आहे. स्क्रिप्ट द्यायची की नाही हे प्लगइन सर्व्हरवर ठरवत असेल आणि कॅशिंग चालू असेल, तर होकार दिलेल्या पाहुण्यासाठी बनलेलं पान साठवलं जातं आणि पुढच्याला तेच मिळतं. म्हणजे एकाचा होकार दुसऱ्याच्या नावावर. म्हणून अडवण्याचं काम ब्राउझरमध्ये होऊ दे, आणि कॅशिंग चालू ठेवूनच तपास. पानाच्या तळाशी ‘कुकी सेटिंग’चा दुवा कायम असू दे, दिलेली संमती देण्याइतक्याच सहजपणे काढून घेता आली पाहिजे. ती काढून घेतली की बसलेल्या कुकीही पुसून टाक. अ‍ॅनालिटिक्सची कुकी मूळ सेटिंगमध्ये दोन वर्षं टिकते, ती आपोआप जाणार नाही. संमतीची नोंद ठेव: कधी, कशाला, बॅनरच्या कोणत्या मजकुरावर. त्या पुराव्यासाठी माणसाची आणखी माहिती मात्र गोळा करू नकोस.

माझ्या मते कुकीपेक्षा धोक्याची जागा तुझा चौकशीचा फॉर्म आहे. त्यात जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक कशाला? परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, तेव्हा पासपोर्ट लागतो. ते कायद्याचं काम आहे, त्याला संमतीचा चौकोन नको. पण नुसता दर विचारणाऱ्या शंभर जणांचे पासपोर्ट क्रमांक वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पडून राहिले आणि साइट कोणी फोडली, तर त्या माणसांना तू काय उत्तर देशील? नाव, ईमेल, तारखा, किती माणसं. बाकी रकाने काढ. जुन्या चौकशा ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसल्या जातील अशी सोय कर, आणि बॅकअपमधल्या प्रती विसरू नकोस.

हे नुसतं युरोपसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ मध्ये आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तिथेही संमती मुक्त, नेमकी, समजून दिलेली आणि बिनशर्त हवी. शिवाय संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचण्याची सोय द्यायची आहे. कोंकणी आणि मराठी दोन्ही त्यात आहेत. पुण्याहून, कोल्हापूरहून येणाऱ्या पाहुण्याला त्याच्या भाषेत विचारायला २०२७ ची वाट कशाला पाहायची?

मालकांना भेटशील तेव्हा लॅपटॉप घेऊन जा आणि तोच नेटवर्कचा टॅब त्यांना दाखव, आधी जुनी साइट, मग दुरुस्त केलेली. पान किती हलकं झालं तेही दाखव. तरीही ते बटण फिकट करा म्हणाले, तर तू करू नकोस. ‘हे मी करणार नाही’ एवढं शांतपणे सांग आणि लेखी कळव. पहिलंच मोठं काम आहे, हातचं जाईल असं वाटेल, ते मला कळतं. पण ती साइट तुझ्या नावाने पुढच्या गिऱ्हाइकांपुढे जाणार आहे, आणि माझ्या ओळखीत काम देणारे आहेत.

संमती मागण्याच्या निवेदनाचा मराठी मसुदा झाला की मला पाठव. त्यात ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी’ असं काही लिहू नकोस. कोणती माहिती, कशासाठी, कोणाकडे, किती दिवस, एवढंच लिही. कोंकणीतलं वहिनीकडून तपासून घे.

तुझी,
आत्या