चित्रपट कोणाची बाजू घेतो?

लोकप्रिय चित्रपट राजकीय मताचा प्रचार करितात काय, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. वडील मंडळी म्हणतात, "करमणूक ती करमणूक, तीत राजकारण कशास शोधावे?" कित्येक तरुण म्हणतात, "सर्वच चित्रपट कोणीतरी पैसे देऊन काढविलेले असतात." ही दोन्ही उत्तरे उतावळेपणाची आहेत. पहिल्याने मनुष्य बेसावध होतो, व दुसऱ्याने त्याची पारख करण्याची शक्तीच नाहीशी होते. म्हणून काही घडलेल्या गोष्टी पाहून आपण ह्या विषयाचा विचार करू.

प्रथम आपल्याच प्रांतातील उदाहरण घ्या. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शिवाजी महाराजांच्या तरुणपणावर एक मूकपट काढिला. त्याचे नाव 'स्वराज्य तोरण' असे ठेविले होते. परंतु 'स्वराज्य' हा शब्द इंग्रज सरकारच्या परीक्षकांस खपला नाही, आणि मूकपट 'उदयकाल' ह्या नावाने लोकांपुढे आला. पुढे १९३५ साली त्याच कंपनीने संत एकनाथांच्या चरित्रावर 'महात्मा' नावाचा बोलपट तयार केला. ह्या नावात गांधीजींची छाया दिसल्यामुळे तेही बदलावे लागले व 'धर्मात्मा' असे ठेवावे लागले. दोन्हींचे दिग्दर्शक व्ही. शांताराम हेच होते. परीक्षक कठोर होते खरे, पण त्यांचा तर्क अगदीच खोटा नव्हता. कथा शेकडो वर्षांपूर्वीची असली, तरी पाहणारा तीत आपल्याच काळाचा अर्थ वाचीत होता. यावरून इतके सिद्ध होते की, चित्रपटास बाजू असते, आणि नुसती बाजू असणे हा दोष नव्हे. स्पृश्यास्पृश्यभेदाविरुद्ध उभा राहणारा संत दाखविणे हीही एक बाजू घेणेच आहे.

मग दोष कोठे सुरू होतो? हे समजण्यासाठी अमेरिकेतील एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्याचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सुमारे तीन तासांचा मूकपट निघाला. टॉमस डिक्सन ह्याच्या 'द क्लॅन्समन' ह्या १९०५ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. हा डिक्सन पूर्वी बाप्टिस्ट पाळक होता, ही गोष्ट आपण विसरू नये. १८६१ ते १८६५ पर्यंतच्या यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेले काळे लोक दक्षिणेच्या संस्थानांत प्रथमच मते देऊ लागले व विधिमंडळांत बसू लागले. तो काळ ह्या मूकपटात दाखविला आहे. काळे सभासद सभागृहात मद्य पितात, पाय मेजावर टाकितात, असे चित्र आहे. आणि मुख्य काळी पात्रे तोंडास काळा रंग फासलेल्या गोऱ्या नटांनीच केली. परंतु साउथ कॅरोलायनाच्या १८६८ सालच्या ज्या राज्यघटनेने सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची व्यवस्था ठरविली, ती तयार करणाऱ्यांत काळे प्रतिनिधी बहुसंख्य होते, हे प्रेक्षकांस कळतच नाही.

आता त्यातील युक्ती पाहा. शेवटी एक गोरे कुटुंब लहानशा झोपडीत कोंडले गेले आहे, व बाहेरून जमाव दारे फोडीत आहे. मधूनमधून पांढरे झगे घातलेले कू क्लक्स क्लॅनचे स्वार दौडत येताना दिसतात. एकदा झोपडी, एकदा स्वार, पुन्हा झोपडी. 'लौकर या!' असे पाहणाराचे मन आपोआप म्हणू लागते. हे स्वार निरपराध्यांस फटके मारणाऱ्या व ठार करणाऱ्या टोळीचे आहेत, हे विचारण्यास त्यास उसंतच मिळत नाही. ज्याच्यासाठी आपण श्वास रोखून धरितो, त्याची बाजू आपण न कळत घेतलेली असते. अखेरीस तर पडद्यावर ख्रिस्ताची आकृतीही दाखविली आहे.

ह्याचे फळ काय झाले? मूळ क्लॅन कधीच मोडली होती. १९१५ च्या नोव्हेंबरात जॉर्जियातील स्टोन माउंटनवर विल्यम सिमन्स ह्याने ती पुन्हा स्थापिली, आणि तेथे वधस्तंभ पेटविला. जुनी क्लॅन असे करीत नसे. ही कल्पना डिक्सनच्या कादंबरीतून व मूकपटातून आली. तारणाची खूण दहशतीची खूण झाली. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९०९ साली निघालेल्या संस्थेने मूकपटाचा जाहीर निषेध केला. ऑस्कर मिशो ह्या काळ्या दिग्दर्शकाने १९२० साली 'विदिन अवर गेट्स' हा मूकपट काढून जमावाच्या हातून होणाऱ्या हत्यांची दुसरी बाजू दाखविली.

तेव्हा आपण काय करावे? चित्रपट पाहूच नये, असे मी म्हणत नाही; तो आता खिशातल्या फोनवरच येतो. सरकारी मंडळाचा दाखला चित्रपट कोणत्या वयास योग्य हे सांगतो. तो खरा आहे की नाही, हे सांगत नाही. 'सत्य घटनेवर आधारित' ह्या शब्दांनीही परीक्षा संपत नाही. म्हणून घरी बसून पुढील प्रश्न एकमेकांस विचारावे:

१. कोणाचा चेहरा जवळून दाखविला, व कोण नुसता जमाव म्हणून दिसला?

२. त्या काळातील कोणती खरी गोष्ट वगळली?

३. चित्रपट संपल्यावर कोणत्या जातीच्या, धर्माच्या वा प्रांताच्या शेजाऱ्याविषयी माझे मन कठीण झाले?

४. जो चित्रपट मला आवडला, त्यास मी हेच प्रश्न लाविले काय?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. विरुद्ध पक्षाचा प्रचार कोणासही दिसतो. आपल्या आवडीचा प्रचार मात्र आपणांस सत्यच वाटतो. नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायातील १७ वे वचन कुटुंबात वाचून, मग अलीकडेच पाहिलेल्या एखाद्या चित्रपटावर ह्या चार प्रश्नांसह बोलावे. ज्याची बाजू पडद्यावर आली नाही, तो मनुष्य आपल्याच गावात राहत असेल, तर त्याच्याकडे जाऊन ती ऐकावी.