पंखाला वजन किती?

मानपाडा नावाची ठिकाणे आपल्याकडे दोन आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्हीकडून मालाचे ट्रक जातात. ठाण्याच्या मानपाड्यावरून निघालेला भरलेला ट्रक पुढे गायमुखच्या घाटात कसा रेंगाळतो, हे तिकडच्या मुलांनी पाहिले असेल. वजन वाढले की चाल मंदावते, हा रस्त्यावरचा अनुभव. परंतु आकाशात एक पंख असा आहे, की वजन वाढले तर तो अधिक वेगाने जातो. धोका नेमका तेथेच आहे.

हा पंख कापडाचा असतो. त्याला पॅराग्लायडर म्हणतात. वरच्या व खालच्या कापडामध्ये लांबट कप्पे असतात. त्यांच्या तोंडातून हवा आत शिरते आणि पंख फुगून ताठ होतो. अशा फुगणाऱ्या पंखाची कल्पना १९६४ साली अमेरिकेतील डोमिना जाल्बर्ट यांनी काढली. ते पतंग बनवणारे होते! पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या गावी काही जणांनी असा पंख घेऊन डोंगरउतारावरून धावत उड्डाण केले आणि या खेळाची सुरुवात झाली.

आपल्या महाराष्ट्रात या खेळासाठी प्रसिद्ध असलेले गाव म्हणजे कामशेत. कल्याणहून गाडीने लोणावळ्याला जावे, तेथून पुण्याच्या लोकलने पुढे गेले की कामशेत स्टेशन येते. पावसाळा संपला की तेथील टेकड्यांवरून रंगीबेरंगी पंख उडू लागतात. टेकडी नसेल तेथे माणूस पाठीवर लहान इंजिन व पंखा बांधतो आणि सपाट मैदानावरूनही उडतो. त्याला पॅरामोटर म्हणतात.

प्रत्येक पंखावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. समजा, एका पंखावर ‘८० ते १०० किलो’ असे लिहिले आहे. हे नुसत्या माणसाचे वजन नव्हे. हवेत जाणारे सगळे सामान त्यात धरतात, पंखसुद्धा. (वजन, हवा, जमीन हे शब्द तुमच्या घरचेच आहेत, तेव्हा हा हिशेब तुम्हांला जड जाणार नाही.)

माणूस ७८ किलो, पंख साडेपाच किलो, हेल्मेट, बूट, कपडे व राखीव पॅराशूट मिळून ६ किलो, बसायची झोळी ४ किलो. बेरीज साडेत्र्याण्णव. कामशेतच्या टेकडीवरून तो खुशाल उडेल. आता त्याच माणसाने झोळीऐवजी २४ किलोचे झोळीसह इंजिन घेतले आणि टाकीत १० लिटर, म्हणजे सुमारे साडेसात किलो पेट्रोल भरले. बेरीज झाली १२१ किलो. माणूस तोच, पंख तोच, पण मर्यादेपेक्षा २१ किलो जास्त! उडता उडता पेट्रोल संपले तरी ११३ किलोंहून अधिक वजन उरतेच.

मग पंख खाली पडेल का? नाही. दोऱ्या तुटतील का? नवा पंख असेल तर तेही सहसा नाही. युरोपातील चाचणीत पंखाला कमाल वजनाच्या आठपट ताण देऊन पाहतात. म्हणूनच काही जण ‘चालते की’ असे म्हणतात. हे म्हणणे अर्धवट आहे.

पंखाचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १०० किलोला वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर १२१ किलोला तो ४४ होतो, कारण १.२१ चे वर्गमूळ १.१ आहे. चार किलोमीटर म्हणजे काय मोठेसे? पण उतरताना जमिनीला वेग भेटतो आणि वजनही भेटते. गतिज ऊर्जा वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.२१ ला १.२१ ने गुणा. उत्तर १.४६ येते. वजन पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त वाढले, पण वारा नसताना पायांनी झेलायची ऊर्जा जवळजवळ दीडपट झाली. ब्रेकच्या दोऱ्या ओढायला क्षणभर उशीर झाला, तर ती घोट्यावर आणि कण्यावर येते.

उडतानाही तसेच. पाठीवर ओझे घेऊन अधिक जोरात आणि अधिक लांब धावावे लागते. जड पंख आतून जास्त ताठ असतो, त्यामुळे तो सहज मिटत नाही हे खरे. मात्र मिटलाच, तर गरकन वळतो आणि भराभर उंची गमावतो. राखीव पॅराशूटलाही वजनाची मर्यादा असते, हे अनेकदा विसरले जाते.

यावर उपाय मोठा पंख घेणे हा आहे. पण फार मोठाही नको, कारण हलक्या माणसाखाली मोठा पंख वाऱ्यात ढिला पडतो व लवकर मिटतो. काही कारखाने इंजिनासाठी वेगळी, जास्त मर्यादा लिहून देतात. तशी लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. कसलेले उडणारे वेगासाठी मुद्दाम लहान पंख वापरतात, तेव्हा ते हा सगळा हिशेब मनात धरून उतरतात. नवख्याने आधी सगळे सामान अंगावर चढवून काट्यावर उभे राहावे.

स्वाध्याय

१. घाटातील ट्रक आणि पॅराग्लायडर यांत वजन वाढल्यावर कोणता फरक दिसतो?
२. ९० किलोची मर्यादा असलेल्या पंखावर तुमच्या वडिलांना २४ किलोच्या इंजिनासह उडता येईल का? सगळे सामान धरून बेरीज करा.
३. ‘चालते की’ हे म्हणणे लेखकाला अर्धवट का वाटते?